म्हातारपणी हातावर उठणारे जांभळे डाग आणि विरलेली कातडी

गेल्या वर्षी एका मुंजीत आत्याच्या शेजारी बसलेल्या बाईंनी तिचा हात सहज हातात घेतला. मनगटापासून कोपरापर्यंतचे जांभळे-काळे चट्टे पाहिले आणि आवाज खाली आणून विचारलं, "सुनेशी बरं आहे ना?" आत्या ८४ वर्षांची. ती हसली, पण मागच्या रांगेत बसलेल्या सुनेनं ते ऐकलं होतं. ती बिचारी नंतर पंगतीत गप्पच होती. रात्री तिनं मला फोन केला, "ताई, मी त्यांना नुसतं उठवताना धरते हो."

ती खरंच सांगत होती. मी डॉक्टर नाही, पण गेली सहा वर्षं आत्याच्या गोळ्या, फायली आणि पट्ट्या माझ्या ताब्यात आहेत. तिच्या डॉक्टरांना मी इतके प्रश्न विचारलेत की आता मला बघितलं की ते खुर्ची मागे सरकवून नीट टेकून बसतात. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते.

घरात सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर त्यांचा हात जवळ घ्या आणि उजेडात दोन जागा बघा. आधी दंडाची आतली, काखेजवळची बाजू. ती बहुधा मऊ आणि एकसारख्या रंगाची असेल. मग मनगटाच्या वरची, बाहेरची बाजू. तिथली कातडी चकाकते, तिला बारीक घड्या पडलेल्या असतात, खालच्या शिरा लख्ख दिसतात आणि मधेमधे पांढरट रेघा असतात, जुन्या ओरखड्यासारख्या. दोन्ही जागांचं वय एकच. फरक बराचसा उन्हाचा. पोलक्याची बाही कोपराच्या वर संपते, सदऱ्याचीही बऱ्याचदा संपते, आणि त्याखालचा हात साठ-सत्तर वर्षं ऊन खात असतो.

आता आत काय होतं ते. कातडीचे मुख्य थर दोन. वरचा पातळ, खालचा जाड. तरुणपणी ते एकमेकांत खाचांनी अडकलेले असतात. पुठ्ठ्याचे अंड्यांचे दोन ट्रे एकावर एक ठेवले की कसे हलत नाहीत, तसे. वय वाढलं की या खाचा सपाट होत जातात, आणि मग ते दोन ट्रे राहत नाहीत, दोन गुळगुळीत ताटं होतात. बाजूनं जरा रेटा बसला की वरचं ताट सरकतं. खालच्या जाड थरात कोलॅजन नावाच्या प्रथिनाचे धागे असतात. बारीक रक्तवाहिन्या या धाग्यांच्या आधारानं बसलेल्या असतात. तरुणपण सरू लागल्यापासून हे कोलॅजन दरवर्षी साधारण १ टक्का कमी होतं, आणि ऊन त्याला आणखी तोडतं. त्याखाली चरबीचा थर असतो, तोही हातावरून आणि नडगीवरून झिजतो. गोधडीतलं जुनेर विरलं आणि टाकेही उसवले, असं समजा. रक्तवाहिनी तिथेच असते, पण तिच्याभोवतीचं मऊ काही उरत नाही. मग खुर्चीच्या हाताला हात घासला, भाजीची पिशवी मनगटाला अडकवली, कुणी प्रेमानं हात दाबला, एवढ्यानंही ती फुटते. रक्त कातडीखाली पसरतं. माणसाला कळतही नाही. "कशानं झालं?" विचारलं की आत्या म्हणते, "मला काय माहीत, सकाळी उठले तेव्हा होतं."

म्हणजे नुसता हातावरच असा डाग उठत असेल, तर दोष बहुतेक वेळा रक्तात नसतो, रक्त ज्यात गुंडाळलंय त्यात असतो. लंडनच्या थॉमस बेटमन या डॉक्टरांनी १८१८ मध्येच या डागांचं वर्णन करून ठेवलं होतं. २००७ मध्ये जिनिव्हाच्या त्वचारोगतज्ज्ञांनी अशा विरलेल्या कातडीला 'डर्मॅटोपोरोसिस' असं नाव दिलं. ऑस्टिओपोरोसिसवरून. मला ते नाव आवडतं, कारण हाडं ठिसूळ झाली म्हटलं की घरातले लगेच सावध होतात, जिन्यात हात धरतात, आणि कातडी विरली म्हटलं की "वय झालं" म्हणून सोडून देतात.

सावळ्या कातडीतलं रंगद्रव्य उन्हापासून बरंच वाचवतं, त्यामुळे गोऱ्या लोकांपेक्षा आपल्याकडे हे थोडं उशिरा दिसतं. पण त्याच सावळेपणामुळे ताजा डाग नजरेतून निसटतो. दिवसाउजेडी बघावं, आणि जागा गरम, फुगलेली किंवा दुखरी आहे का ते बोटांच्या पाठीनं तपासावं.

एक गोष्ट मला सुरुवातीला फार घाबरवायची. लहानपणी गुडघ्याला मुका मार लागला की डाग आधी निळा, मग हिरवा, मग पिवळा होऊन जायचा. आत्याचे डाग तसे होतच नाहीत. जांभळे राहतात, एक ते तीन आठवड्यांनी तपकिरी होतात, आणि तो तपकिरी रंग महिनोन् महिने जात नाही. मला वाटायचं, आत काहीतरी अडलंय. तसं नसतं. साकळलेलं रक्त उचलून नेणाऱ्या पेशी म्हातारपणी संथ झालेल्या असतात, म्हणून ते मधले रंग दिसत नाहीत, आणि रक्तातलं लोह तिथेच मागे राहतं. तपकिरी रंग त्याचाच. चोळून तो जात नाही. उलट चोळलं की शेजारी नवा उठतो.

ताज्या डागावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटं धरला आणि हात उशीवर उंच ठेवला तर रक्त कमी पसरतं. बर्फ थेट कातडीवर नको. गरम पाण्याची पिशवी तर या कातडीवर मुळीच नको, भाजलेलं कळायच्या आत फोड येतो.

गोळ्यांची फाईल

पुढची शंका गोळ्यांवर जाते, आणि ती रास्त आहे. हृदयासाठी रोज घ्यायची ७५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफरिन, आपल्याकडे पुष्कळ दिली जाणारी असिनोकुमेरॉल, आणि अलीकडची अ‍ॅपिक्साबॅन, रिव्हरॉक्साबॅन. यांना आपण सगळ्यांना मिळून 'रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या' म्हणतो. खरं तर रक्त पातळ होत नाही, गुठळी धरायला वेळ लागतो. त्यामुळे फुटलेली वाहिनी उशिरा बुजते आणि डाग मोठा होतो.

म्हणून काय करायचं? गोळी बंद करायची नाही. आमच्याकडे हा गोंधळ होऊन गेलाय. आत्याच्या हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट, म्हणजे ती उघडी ठेवणारी बारीक जाळी आहे, आणि एकदा डाग वाढले म्हणून घरातल्याच एका शहाण्यानं तिची अ‍ॅस्पिरिन चार दिवस थांबवली. डॉक्टर एरवी शांत माणूस, त्या दिवशी चिडले. अ‍ॅस्पिरिन रक्तातल्या प्लेटलेट्सना, म्हणजे गुठळी धरणाऱ्या बारीक कणांना, त्यांच्या उरलेल्या आयुष्याइतकं, म्हणजे ७ ते १० दिवस, निकामी करते. त्यामुळे एक-दोन दिवस थांबवून डाग थांबत नाहीत, आणि जास्त दिवस थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी व्हायची भीती. हातावरचा डाग दिसायला वाईट, हृदयातली गुठळी जिवावरची. गोळी बदलायची का, कमी करायची का, ते लिहून देणाऱ्यानंच ठरवावं. वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉल चालू असेल आणि डाग अचानक वाढले तर मात्र आयएनआर ही, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारी तपासणी लगेच करून घ्यावी. बहुतेकांमध्ये तो आकडा २ ते ३ च्या दरम्यान हवा असतो. कृत्रिम झडप असेल तर डॉक्टर जास्तही ठेवतात.

फाईलमध्ये नसलेली औषधं जास्त त्रास देतात, असा माझा अनुभव. गुडघेदुखीवर मनानंच घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या त्यात येतात. माशाच्या तेलाच्या आणि 'ई' जीवनसत्त्वाच्या कॅप्सूल येतात, परदेशातून मुलानं आणलेल्या. खाजेवर लावायचं ते जोरदार स्टेरॉइडचं मलम येतं, जे दुकानदार चिठ्ठी न बघता देतो आणि जे महिनोन् महिने लावलं की कातडी आणखी पातळ होते. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्या तर हमखास बघाव्या. 'दोन दिवसांत गुण' देणाऱ्या अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. दम्याच्या किंवा संधिवाताच्या डॉक्टरांनी रीतसर दिलेली स्टेरॉइडसुद्धा कातडी विरवतात, पण ती अचानक बंद करणं धोक्याचं. डॉक्टरकडे जाताना नुसती फाईल नेऊ नका. उशाशी, देवघरापाशी आणि पर्समध्ये असलेलं सगळं एका पिशवीत भरून न्या. आम्ही नेलं तेव्हा आत्याच्या पर्समधून एकाच वेदनाशामकाच्या वेगवेगळ्या नावांच्या दोन पट्ट्या निघाल्या.

खाण्याचं थोडक्यात. एकटी राहणारी, दात नसलेली म्हातारी माणसं चहा-बिस्किट, चहा-खारी आणि दूध-भात यावर दिवस काढतात. त्यात 'सी' जीवनसत्त्व जवळजवळ नसतं, आणि त्याशिवाय कोलॅजन नीट बनत नाही. आवळा, पेरू, लिंबू, शिजवलेली पालेभाजी, आणि डाळ-अंडं-पनीर यातलं काहीतरी रोज पोटात जायला हवं. पेरू चावत नसेल तर किसून. मात्र वॉरफरिन किंवा असिनोकुमेरॉल चालू असेल तर पालेभाजी एका आठवड्यात रोज आणि पुढच्या आठवड्यात अजिबात नाही, असं करू नये. त्यातल्या 'के' जीवनसत्त्वानं आयएनआर वरखाली होतो. डाग घालवणाऱ्या महागड्या मलमांवर आत्याच्या मुलानं बराच खर्च केला. त्यानं डाग गेले नाहीत. बाटल्या सुंदर होत्या.

हे डाग साधे नव्हेत

हातावरचे डाग साधे म्हटले, पण प्रत्येक डाग साधा नसतो. पोटावर, पाठीवर, छातीवर काही न लागता मोठे चट्टे उठले, पायांवर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके उगवले, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतंय, शौचाला डांबरासारखी काळी होतेय, सोबत ताप किंवा वजन घटणं आहे, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. पावसाळ्यात ताप आणि ठिपके एकत्र दिसले की डेंग्यू डोक्यात ठेवा. साध्या रक्ततपासणीत प्लेटलेट्स कळतात. दीड ते साडेचार लाख हे सर्वसाधारण प्रमाण.

नडगीवर मार लागला आणि तिथली गाठ तासातासाला मोठी होतेय, वरची कातडी ताणून चकाकतेय, खूप दुखतंय, तर तो नुसता डाग नव्हे. आत रक्ताचा साठा होतोय आणि त्या दाबानं वरची कातडी मरू शकते. सकाळपर्यंत वाट बघायची नाही.

आणि डोकं. रक्त पातळ करणारी गोळी घेणारं माणूस पडलं आणि डोकं आपटलं, तर ते "काही नाही झालं मला" म्हणालं तरी रुग्णालयात न्या. मेंदूभोवती रक्त हळूहळू साठतं. कधी ते पडल्यानंतर काही आठवड्यांनी कळतं. माणूस सुस्त होतं, बोलण्यात घोळ करतं, एक पाय ओढतं, आणि घरचे म्हणतात, वय झालं. गेल्या महिन्या-दोन महिन्यांत कधी पडले होते का, हे तेव्हा आठवून डॉक्टरांना सांगायचं.

त्या मुंजीतल्या बाईंचा प्रश्न अगदीच वावगा नव्हता, हेही सांगते. म्हाताऱ्या माणसांना मारहाण होते, घरात होते. हाताच्या बाहेरच्या बाजूचे डाग वयाचे असू शकतात. दोन्ही दंडांवर बोटांच्या खुणा, गळा, कानामागची जागा, मांडीची आतली बाजू, पाठ इथले डाग, आणि दर वेळी बदलणारी हकिगत, हे वेगळं आहे. ज्येष्ठांसाठीची देशभरातली हेल्पलाइन १४५६७ आहे. शंका असेल तर समारंभात कुजबुजण्यापेक्षा तो नंबर लावावा.

कातडी फाटते तेव्हा

डाग निदान बंद पिशवीत असतो. खरा त्रास कातडी फाटण्याचा. बाथरूमच्या दाराच्या कडीला आत्याचा हात घासला आणि चार बोटं रुंदीची कातडी, पिकलेल्या टोमॅटोचं साल निघावं तशी, एका बाजूला गोळा झाली. रक्त फार नव्हतं. तिला दुखलंही फार नाही. सून घाबरून हळदीच्या डब्याकडे धावली. आपलं सगळ्यांचं असंच होतं.

हळद नको. चहा-कॉफीची पूड, तुरटी, टूथपेस्ट नको. आधी हात धुवा आणि स्वच्छ सुती फडकं जखमेवर दहा मिनिटं दाबून धरा. घड्याळ लावून, मधे उचलून न बघता. हात छातीच्या वर. रक्त थांबलं की सलाइननं किंवा पिण्याच्या स्वच्छ पाण्यानं हळूच धुवा. डेटॉलसारखी जंतुनाशकं आणि हायड्रोजन पेरॉक्साइड या नाजूक मांसाला जाळतात, त्यांनी जखम भरायला वेळ लागतो.

आता ती गोळा झालेली कातडी. कापून टाकू नका, ओढून फेकू नका. जखमेसाठी यापेक्षा चांगली पट्टी जगात कुठल्या दुकानात मिळत नाही, कारण ती त्याच माणसाची आहे. कापसाची काडी सलाइनमध्ये भिजवून तिनं ती साय पसरावी तशी हलक्या हातानं परत जागेवर लोटायची. सुकून आक्रसली असेल तर आधी ओला गॉज पाच-दहा मिनिटं वर ठेवायचा, ती मऊ होते. पूर्ण जागा झाकली नाही तरी चालेल, ताणून बसवायची नाही. हळद का नको ते इथे कळतं. ती त्या सायीखाली जाऊन बसते, आणि ती धुवायला डॉक्टरला सगळं पुन्हा उचलावं लागतं.

वर न चिकटणारी पट्टी ठेवायची, सिलिकॉनची असेल तर उत्तम, नाही तर केमिस्टकडचा पॅराफिनचा, म्हणजे व्हॅसलिन लावलेला गॉज. त्यावर साधा गॉज आणि मग बँडेजची सैल गुंडाळी. चिकटपट्टी कातडीला लावायची नाही, गुंडाळीलाच लावायची. आणि शेवटी पेनानं बँडेजवर एक बाण काढायचा, कातडी ज्या बाजूला अजून जोडलेली आहे तिथून सुट्या कडेकडे जाणारा. पट्टी काढताना बाणाच्या दिशेनंच काढायची, म्हणजे जागेवर बसलेली कातडी पुन्हा उलटत नाही. रोज उघडून बघायचा मोह आवरावा. भिजली नाही, वास आला नाही, तर डॉक्टर ती काही दिवस तशीच ठेवायला सांगतात. धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारून घ्या. जखम नडगीवर असेल, खोल असेल, मधुमेह असेल किंवा दाबूनही रक्त थांबत नसेल तर हे सगळं घरी करत बसू नका, न्या.

चिकटपट्टीवर माझा विशेष राग आहे. एका रुग्णालयात आत्याच्या हाताची सुई काढताना पांढरी पट्टी खस्सकन ओढली आणि पट्टीबरोबर कातडीही आली. सुईची जखम टाचणीएवढी, पट्टीची बोटभर. घाईत असलेल्या माणसाला मी दोष देत नाही, पण सांगून ठेवलं असतं तर टळलं असतं. पट्टी काढायची तर कडेला तेलाचं बोट लावत, दुसऱ्या हातानं कातडी दाबून धरून, पट्टी कातडीलगत मागे दुमडत सावकाश. वर उपटायची नाही. रक्त काढून झाल्यावर कोपर दुमडून बसायची आपल्याला सवय आहे, तीही मोडा. हात सरळ ठेवून कापूस पाच मिनिटं दाबायचा. पातळ करणारी गोळी असेल तर दहा.

तेल, बाह्या आणि धरण्याची रीत

पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या १४ वृद्धनिवासांमध्ये केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये छापून आला. हातापायांना दिवसातून दोनदा साधं मॉइश्चरायझर लावल्यानं कातडी फाटण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. एवढ्या स्वस्त गोष्टीनं एवढा फरक पडतो हे मला आधी पटलं नव्हतं. महागडं काही लागत नाही. बिनवासाचं क्रीम, पेट्रोलियम जेली, काहीही, पण सकाळ-संध्याकाळ. खोबरेल लावत असाल तरी हरकत नाही, फक्त तळव्यांना आणि फरशीला तेल लागू देऊ नका, नाही तर कातडी वाचेल आणि खुबा मोडेल. आंघोळीनंतर अंग किंचित ओलं असतानाच, लव ज्या दिशेला झुकते त्या दिशेनं, न चोळता. आंघोळीला कोमट पाणी. साबण काखा, जांघा आणि पावलांपुरता. कातडी किंचित आम्लधर्मी असते आणि साबण अल्कधर्मी, रोज फासला की कातडी कोरडी पडून तडकते. वज्री आणि घोसाळ्याची जाळी हातांसाठी बाद. दिवाळीच्या अभ्यंगाला तेल लावा, उटणं नुसतं वासापुरतं. पुसायला जाड टॉवेल नको, जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा घ्या आणि टिपा.

हात झाकलेला असावा. पूर्ण बाह्यांचा सुती सदरा चालतो. आत्यानं स्वेटर नाकारला, तेव्हा नातवाचे क्रिकेटचे लांब पायमोजे पावलापाशी कापून तिच्या हातांत चढवले. रबर सैल केलं. नडगीसाठी फुटबॉलवाल्यांचे गार्ड मिळतात. चाकाच्या खुर्चीच्या पायटेकणीला नडग्या फार लागतात, तिथे फोम गुंडाळा. काचेच्या बांगड्यांचा विषय नाजूक आहे. सक्ती करू नये, पण पिचलेली बांगडी हातात राहू देऊ नये. सांभाळणाऱ्यानं स्वतःच्या अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवावं, नखं कापावीत.

आणि धरणं. आपण मनगट किंवा दंड पकडून वर ओढतो. बोटांचा सगळा जोर पाच ठिपक्यांवर येतो, आणि दुसऱ्या दिवशी पाच डाग. त्याऐवजी आपला हात उताणा करून त्यांच्या कोपराखाली पूर्ण पंजा द्यायचा, आणि त्यांना आपल्याला धरू द्यायचं. पलंगावर वर सरकवायचं असेल तर कातडी घासत ओढायची नाही. खाली दुमडलेली चादर घालून दोघांनी चादरच उचलायची. सुनेला हे एका दुपारी शिकवलं. पुढच्या महिन्यात दंडावर नवा डाग नव्हता.

मागच्या महिन्यात आत्या पुन्हा दोन दिवस रुग्णालयात होती, साध्याच कारणासाठी. सलाइन काढायला आलेल्या मुलीनं पट्टीला हात घातला तशी आत्यानं कापलेल्या पायमोज्यातून दुसरा हात काढून तिचं मनगट अडवलं. "थांब गं बाळ," म्हणाली, "आधी तेल आण. आणि बाण कुठाय बघ."

बाण नव्हता, कारण ती जखम नव्हतीच. पण ती मुलगी तेल घेऊन आली.